चव न घेता केलेल्या वड्या

आज पाडवा. संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद. मागच्या वर्षी ९ एप्रिलला पाडवा होता आणि ११ ला ईद. यंदा दोघांत एका रात्रीचंच अंतर उरलं आहे. बाजारात साखरेच्या गाठी आणि शेवयांचे ढीग शेजारी शेजारी लागले आहेत. आमच्या घरात मात्र सणाची चाहूल ओल्या खोबऱ्याच्या वड्यांनी लागते. शीरखुर्मा ईदच्या सकाळचा, वड्या त्याआधीच्या. अठ्ठाविसाव्या रोजाला दुपारची नमाज झाली की नारळ फोडायचे, हा अम्मीचा नियम. अम्मी मागच्या पावसाळ्यात गेली. तिच्याशिवायच्या पहिल्या वड्या आम्ही काल केल्या.

गोड करायचं, तेही रोजा असताना, यात एक अडचण आहे. रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही. गरज असेल तर स्वयंपाक करणाऱ्यानं जिभेच्या टोकावर चव बघून थुंकून टाकावी, एवढी सवलत जाणकार सांगतात. अम्मीनं ती कधी घेतली नाही. "पाक कू आँख से देखो, जबान से नक्को," असं ती आमच्या दखनीत म्हणायची. विसरून काही खाल्लं तर रोजा तुटत नाही, हेही मला तिनंच सांगितलं होतं. त्या वर्षी वड्यांच्या ताटाजवळ मी तीन वेळा 'विसरलो'. चौथ्या वेळी तिनं उलथणं उचललं.

चवीसाठी तिची वेगळी सोय होती. वड्या थापून झाल्या की मागच्या भिंतीवरून ती हाक मारायची, "वहिनी, जरा येता का?" शेजारच्या काकू पदराला हात पुसत यायच्या, एक तुकडा तोंडात टाकायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. आम्ही भावंडं निकालाची वाट बघावी तशी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. "भाभी, वेलची कमी पडली," किंवा "यंदा जमल्या हो!" एवढंच त्या बोलायच्या. अम्मी त्यांना 'वहिनी' म्हणायची आणि त्या अम्मीला 'भाभी'. दोघींनी एकमेकींच्या भाषेतला शब्द उचलला होता. चाळीस वर्षांत त्यात बदल झाला नाही.

काल मी काकूंना हाक मारली नाही. कारण सांगायला अवघड आहे. भांडण नव्हतं, काही नव्हतं. अम्मी गेल्यापासून आमचं बोलणं फाटकातल्या 'कसे आहात' पर्यंत आलं होतं. माणूस गेलं की त्याची भांडी, दागिने, घर यांची वाटणी होते. त्याची नाती कोणी वाटून घ्यायची, ते ठरत नाही. काकू अम्मीच्या होत्या. त्या माझ्याही आहेत का, हे मी कधी विचारलं नव्हतं. शिवाय त्या आल्या आणि स्वयंपाकघरात अम्मी नाही हे बघून रडल्या, तर मी काय करणार होतो?

म्हणून आम्ही चौघंच बसलो. मी नारळ खवायला घेतले. पत्नी माहेरची कोकणातली. तिला नारळाची पारख आहे, पण आमच्या घरच्या पाकाची नाही. आठवीतली लेक फोनमधली कृती वाचत होती. सहा वर्षांच्या धाकट्यानं दुपारपर्यंतचा 'चिडियारोजा' धरला होता. लहान मुलांच्या हौसेसाठी हा चिमणीएवढा रोजा असतो. तो सोडून तो आता कढईभोवती घुटमळत होता.

अम्मीचं प्रमाण कुठं लिहिलेलं नव्हतं. फोनवर होतं, 'मध्यम आचेवर पंधरा मिनिटं.' आम्ही घड्याळ लावून पंधरा मिनिटं दिली. पण आच, कढई आणि नारळातला ओलावा प्रत्येक घरात सारखा कसा असेल? मिश्रण ताटात थापलं, सुरी फिरवली आणि वडीऐवजी भुगा उचलला गेला. चार नारळ, एवढी साखर, आणि ताटात पांढरा रवा. कोणी काही बोललं नाही. पत्नीनं गॅस बंद केला. मी भूक आणि तहान यांच्यावर राग काढत होतो. खरं दुःख वेगळंच होतं. अम्मीबरोबर हेही गेलं, असं वाटलं.

लेक मागच्या दारानं बाहेर पडली ते मला कळलंही नाही. भिंतीवरून तिचा आवाज आला, "आजी, जरा येता का?"

काकू आल्या. वय झालंय, भिंतीचा आधार घेत आल्या. पाडव्याच्या श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवलाय, फार वेळ नाही, असं आधीच सांगून टाकलं. मग ताटाकडे बघून म्हणाल्या, "पाक पुढं गेला रे. भाभी असती तर ओरडली असती. कढई ठेव परत. दूध आण."

भुगा पुन्हा कढईत गेला. त्यावर त्यांनी दुधाचा हबका मारला, आच मंद केली आणि उलथणं लेकीच्या हातात दिलं. "ढवळत राहा. मी सांगेन तेव्हा थांब." मी त्यांना चवीसाठी चमचा पुढं केला, तर त्यांनी हात मागे घेतला. "मला आता साखर झालीय. डॉक्टरनं गोड बंद केलंय."

क्षणभर आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि सगळेच हसलो. तिघं रोजेदार, एक मधुमेही. चव घेणारं माणूस एकच, तेही सहा वर्षांचं! धाकटा लगेच ताठ उभा राहिला. त्यानं पाच वेळा चव घेतली आणि पाचही वेळा "अजून कळलं नाही" असं सांगितलं.

काकूंनी जीभ लावलीच नाही. मिश्रण कढईच्या कडा कधी सोडतं, उलथण्याभोवती कधी गोळा होतं, बुडबुड्यांचा आवाज कधी जड होतो, यावर त्यांचं लक्ष होतं. वाटीत गार पाणी घेऊन त्यात एक थेंब टाकला. त्याची मऊ गोळी झाली. "हा गोळीबंद. तुझ्या आजीनं मला हा असाच दाखवला आणि मी तिला संक्रांतीचा काटेरी हलवा." लेकीनं विज्ञानाच्या पुस्तकातून विचारावं तसं विचारलं, म्हणजे किती अंश? गोळीबंद पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला होतो. त्यापुढे पाणी आणखी उडतं, साखरेचे कण दाणेदार होतात आणि वडीचा भुगा होतो. दुधानं ते पाणी परत मिळालं. काकू म्हणाल्या, "अंश तू मोज, मी गोळी मोजते."

मी भाषा शिकवतो, त्यामुळे वड्या पाडताना डोक्यात शब्दच फिरत होते. संक्रांतीच्या तिळावर चढतो तो 'हलवा' मूळचा अरबी, अर्थ गोड. 'बर्फी'तला बर्फ फारसी. उलट आपल्या संस्कृतातला 'खंड' इराणात जाऊन 'कंद' झाला, अरबांकडून युरोपात गेला आणि 'कँडी' होऊन पोरांच्या खिशात परत आला; वाटेत फुलांशी गाठ पडली तिथं 'गुलकंद' झाला. उर्दूत 'मिस्री' म्हणजे इजिप्तची, खडीसाखर. मराठीत मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. अम्मी लग्न होऊन आली तेव्हा शेजारणीनं "मिसरी लावता का?" असं विचारल्यावर ती साखरेसाठी हात पुढं करून बसली होती, हे काकूंनीच काल सांगितलं. मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. अम्मीची अजून किती माहिती त्या भिंतीपलीकडे आहे, कोण जाणे.

पाडवा आणि ईद यांची ही जवळीक कायमची नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. पंचांग अधिक मास घालून ती तूट भरून काढतं, हिजरी कालगणना काढत नाही. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर हे दोन सण पुन्हा लांब जातील. तोवर एकाच आठवड्यात दोन्ही घरी पाक होतोय, तर शिकून घ्यावं.

वड्या जमल्या. अगदी अम्मीसारख्या नाहीत, किंचित कडक आहेत. पहिली ताटली नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडे गेली. काकू खाणार नसल्या तरी त्यांच्या घरी नातवंडं आहेत. आज सकाळी ती ताटली परत आली. आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत, त्यांच्याकडेही नाही. तिच्यात साखरेची एक गाठी होती. धाकट्यानं ती गळ्यात घातली आहे आणि आजच्या चिडियारोजाचं काय करायचं या विचारात तो पडला आहे.

लेकीनं वहीत कृती लिहिली आहे. नारळ, साखर, दूध, वेलची, सगळ्याचं प्रमाण. शेवटच्या ओळीत आहे : 'मिश्रण कडा सोडू लागलं की भिंतीवरून हाक मारणे.'