जठराचा द्वारपाल आणि औषधांचे साहाय्य

जठर व लहान आतडे यांच्या सांध्यास पाश्चात्त्य शरीरशास्त्रात जे नाव आहे, त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'द्वारपाल' असा होतो. मराठी परिभाषा त्यास 'जठरनिर्गम' म्हणते. एका संज्ञेत वाट अडविणाऱ्याचा बोध होतो, दुसरीत वाटेचा. पोषणनळी जठरापलीकडे नेण्याच्या प्रश्नात हे दोन्ही अर्थ सारखेच महत्त्वाचे ठरतात.

अत्यवस्थ रुग्णाच्या आतड्याची शोषणशक्ती पुष्कळदा शाबूत असते. परंतु जठराची गती मंदावते. नाकावाटे जठरात सोडलेले अन्न तेथेच साचते, उलटून वर येते आणि श्वासमार्गात शिरल्यास फुप्फुसदाह संभवतो. म्हणून नळीचे टोक आद्यांत्रात वा त्याही पुढे न्यावे लागते. येथेच खरी अडचण उद्भवते. ज्या रुग्णास नळी पुढे जाण्याची गरज सर्वाधिक, त्याच्याच जठरात तिला ढकलणारे आकुंचन क्षीण असते.

ही गती जागविण्यासाठी मुख्यतः दोन औषधे वापरली जातात. मेटोक्लोप्रमाइड हे डोपामीनच्या ग्राहींना अडवून जठराचे आकुंचन वाढविते व निर्गमद्वार शिथिल करते. एरिथ्रोमायसीन हे वस्तुतः १९५२ साली उपयोगात आलेले प्रतिजैविक होय. परंतु मोटिलीन या आंत्रसंप्रेरकाच्या ग्राहींवर ते त्या संप्रेरकाप्रमाणेच कार्य करते. जंतुनाशासाठी लागणाऱ्या मात्रेहून पुष्कळ कमी मात्रेतही हा परिणाम दिसतो.

तथापि औषधाची क्रिया ज्ञात असणे आणि त्याची उपयुक्तता सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी होत. मेटोक्लोप्रमाइडविषयी कोक्रेनने केलेल्या परीक्षणात केवळ चार लहान चाचण्या व सुमारे २०० रुग्ण विचारात घेता आले, आणि नळी पुढे नेण्यात निश्चित लाभ होतो असे त्यांवरून सिद्ध झाले नाही. त्यात अपायाचीही भर पडते. मेटोक्लोप्रमाइडमुळे स्नायूंच्या अनैच्छिक हालचाली उद्भवू शकतात. दीर्घ वापराच्या या धोक्याविषयी अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी २००९ मध्ये ठळक इशारा दिला, तर युरोपात २०१३ मध्ये उपचाराची कमाल मुदत पाच दिवस ठरविण्यात आली. एरिथ्रोमायसीनने हृदयाची लय बिघडू शकते, आणि थोड्याच दिवसांत त्याचा गतिवर्धक गुणही ओसरतो. नळी घालण्यापूर्वी दिलेली एखादी मात्रा आणि दीर्घकाळचा उपचार यांत भेद करणे म्हणूनच आवश्यक आहे.

औषध नळीस वाट दाखवीत नाही. ते केवळ जठरास गती देते. वळण घेऊन नळी जठरातच गुंडाळली गेली, तर वाढलेल्या गतीचा उपयोग नाही. कुशल हात, आवश्यक तेथे दुर्बीण वा क्ष-किरणांचे मार्गदर्शन आणि अन्न सुरू करण्यापूर्वी क्ष-किरणचित्राने केलेली स्थाननिश्चिती यांची जागा औषध घेऊ शकत नाही. द्वारपाल अनुकूल झाला, एवढ्यावरून नळी द्वारातून पलीकडे गेली असे मानता येत नाही.