दारावरची थाप

असरची नमाज झाली की मोहल्ल्यातल्या गल्ल्यांमध्ये वेगळीच लगबग सुरू होते. क्रोशाच्या रुमालांनी झाकलेली ताटं घेऊन लहान मुलं या दारातून त्या दारात पळत असतात. ताटात चार भजी, थोडे उकडलेले चणे, कलिंगडाच्या फोडी, दोन-तीन खजूर. मगरिबची अजान व्हायच्या आत सगळी घरं उरकायची असतात. ज्या घरी ताट जातं, तिथून ते सहसा रिकामं परत येत नाही.

अशा गल्लीत एखादं दार असं असतं, की त्याच्या आत एकच माणूस इफ्तारीला बसतं. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा आखातात, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. पैशांची चणचण नाही, औषधं वेळेवर येतात. पण दस्तरखानावर समोर कुणी नसतं. पोरगा दार ठोठावतो, ‘खाला, अम्मीने भेजा है’ म्हणून ताट ठेवतो. ती म्हणते, ‘बैठ बेटा.’ तोवर अजान जवळ आलेली असते. पोरगा पळतो. ताट पोहोचलेलं असतं, बसणं राहून जातं.

रमजानमधल्या दानधर्माचा विचार करताना हे राहून गेलेलं बसणं हिशेबात धरायला हवं.

या महिन्यातल्या देण्याचे प्रकार बिगरमुस्लिम वाचकांनाही ऐकून माहीत असतात. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढ्या किमतीची संपत्ती ज्याच्याकडे गरजा आणि देणी भागवून वर्षभर शिल्लक राहते, त्याने तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के काढायचे, ती जकात. लाखामागे अडीच हजार. ती कुणाला द्यायची, याचे आठ वर्ग कुरआनच्या ‘तौबा’ या अध्यायात सांगितलेले आहेत. गरीब, निराधार, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी हे त्यांतले काही. फितरा वेगळा. तो घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, ईदच्या नमाजेआधी द्यायचा असतो. ईदच्या दिवशी कुणाची चूल थंड राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. सदका मात्र ऐच्छिक. त्याला ना ठरलेली रक्कम, ना महिना, ना घेणाऱ्याच्या धर्माची अट.

जकातीच्या नियमांत एक बारकावा आहे. आपली जकात आपल्याच आई-वडिलांना, आजी-आजोबांना देता येत नाही. कारण त्यांचा सांभाळ हे दान नाही, ते मुलांचं कर्तव्यच आहे. जे मुळातच देणं लागतो, त्याला दान म्हणून पुण्य कसं जोडता येईल? आपल्या देशाने २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला, त्यातही सांभाळ ही मुलांची जबाबदारीच मानली आहे.

पण कायदा पोटगी मिळवून देईल, मुलगा महिन्याला पैसे पाठवील, तरी संध्याकाळ कोण पाठवणार? एकटेपण हा काही जकातीच्या आठ वर्गांपैकी एक वर्ग नाही. तिथे दुसरा हक्क लागू होतो, शेजाऱ्याचा. शेजाऱ्याविषयी इतक्यांदा बजावलं गेलं, की आता त्याला वारसाहक्कही मिळतो की काय असं वाटू लागलं, अशा अर्थाचं प्रेषितांचं वचन हदीसमध्ये आहे. रस्सा शिजवताना पाणी थोडं जास्त घाला आणि शेजाऱ्याला पाठवा, असंही सांगितलं आहे. हा शेजारी कोणत्या धर्माचा, हे तिथे विचारलेलं नाही. भिंतीपलीकडे एकटे राहणारे निवृत्त गुरुजी असोत की वरच्या मजल्यावरच्या आजी, हक्क तोच.

दुसरं टोक तरुणांचं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. जकात हातात येते ती अशी परीक्षांच्या दिवसांत. प्रवेशाची फी, पुस्तकं, एसटीचा पास हे सगळं उभं राहतं जून-जुलैमध्ये. तोवर पाकिटं वाटून संपलेली असतात. बारावी झालेला मुलगा गॅरेजवर उभा राहतो आणि ‘एक वर्ष काम करतो, मग बघू’ म्हणतो. ते ‘मग’ बहुतेक वेळा येत नाही. खरं तर जकात रमजानमध्येच द्यावी असा नियम नाही. ज्याचं चांद्रवर्ष ज्या तारखेला पुरं होतं, त्या तारखेला ती लागू होते. पुढची जकात आधी देण्यालाही बहुतेक फकीह मान्यता देतात. म्हणजे जूनमधली फी भरायला वाट मोकळी आहे, फक्त सवय मोडायला हवी.

शिवाय मुलं केवळ पैशांअभावी गळत नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज कुठे अडकला, तहसीलमध्ये कुणाला विचारायचं, हे सांगणारं घरात कुणी नसतं. शिकणारी पहिलीच पिढी असली, की अर्जातला एक रकाना चुकतो आणि वर्ष जातं.

महाराष्ट्राने ही गरज फार पूर्वी ओळखली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. तिचं मुस्लिम बोर्डिंग आजही दसरा चौकात उभं आहे. महाराजांना मुलांच्या हातात रोख रक्कम ठेवून मोकळं होता आलं असतं. त्यांनी वसतिगृह काढलं, कारण खेड्यातून आलेल्या पोराला छप्पर, दोन वेळचं जेवण आणि ‘अभ्यास झाला का रे?’ असं विचारणारं एक मोठं माणूस लागतं.

हे विचारणारं माणूस आज प्रत्येक गल्लीत आहे. दार लोटून एकटं बसलेलं आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले कारकून, चाळीस वर्षं शिलाई केलेली खाला. त्यांच्याकडे वेळ आहे आणि तो घेणारं कुणी नाही. मुलांकडे पाय आहेत, मोबाइल हाताळायची सफाई आहे, वाट दाखवणारं कुणी नाही. इफ्तारीचं ताट पोहोचवणाऱ्याच मुलाने आठवड्यातून दोनदा अर्धा तास आधी जाऊन बसावं. त्याने औषधांची चिठ्ठी दुकानात न्यावी, त्यांनी त्याचा अर्ज तपासून द्यावा. याला ना पावती पुस्तक लागतं, ना बॅनर. आणि घेणारा कोण, देणारा कोण, हे ठरवणंही अवघड होतं.

वृद्धांना फक्त घेणाऱ्यांच्या रांगेत बसवणं धर्मालाही मंजूर नाही. वयामुळे ज्यांना रोजा आता झेपतच नाही, त्यांच्यासाठी फिदिया आहे. ऐपत असेल, तर त्यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही इथे यजमान होता येतं.

अलीकडे किट वाटतानाचे फोटो घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. पिशवी हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहणारी कॉलेजची मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात कशी बसत असेल, याचा विचार फोटो पुढे पाठवणाऱ्याने करावा. गुपचूप दिलेल्या दानाची थोरवी कुरआननेच सांगितली आहे.

फितऱ्याची वेळ ईदच्या नमाजेपर्यंतची. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, की घरोघरी शिरखुर्म्याच्या वाट्या भरल्या जातात. त्यातली एक वाटी त्या एकट्या दाराकडेही जाईलच. या वेळी मगरिबची घाई नसेल. खाला ‘बैठ बेटा’ म्हणाली, तर बसायला हरकत नाही.