डॉक्टर, बाहेर कळणार नाही ना?

व्यसनाच्या रुग्णाला घेऊन येणारे नातेवाईक खुर्चीवर बसण्याआधीच हा प्रश्न विचारतात. दारू किती, किती वर्षांपासून, रात्री झोप लागते का, हे सारे नंतर. या एका भीतीपायी कित्येक रुग्ण माझ्याकडे फार उशिरा येतात. ज्याला फक्त आपली पेठ ओळखते त्याची ही गत. मग ज्याचा चेहरा रोज टीव्हीवर दिसतो त्या खेळाडूने काय करावे? उत्तर अमेरिकेतील खेळाच्या जगाने यावर एक व्यवस्था बसवली आहे. ती समजून घेण्याजोगी आहे.

अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत मिळून बर्फावरील हॉकीची 'नॅशनल हॉकी लीग' खेळली जाते. खेळ अतिशय धसमुसळा. खेळाडू एकमेकांवर आदळतात, दात पडतात, खांदे निखळतात आणि दोन दिवसांनी पुन्हा सामना असतो. अशा वेळी वेदनाशामक गोळ्या येतात. त्यांपैकी अफूच्या वर्गातील गोळ्यांची शरीराला लवकर सवय लागते. आधी एका गोळीने थांबणारे दुखणे पुढे दोन गोळ्यांनीही थांबत नाही, आणि गोळी चुकली की अंग मोडून येते, घाम फुटतो, जुलाब होतात, झोप उडते. कुणाच्या बाबतीत जोडीला झोपेच्या गोळ्या आणि मद्यही असते.

लीग आणि खेळाडूंची संघटना या दोघांनी मिळून १९९६ मध्ये खेळाडूंसाठी साहाय्य योजना सुरू केली. खेळाडूने स्वतः मदत मागितली तर पहिल्या वेळी शिक्षा नाही. उपचार चालू असताना पगारही चालू राहतो. कधी परतायचे ते संघाचा प्रशिक्षक ठरवत नाही, योजनेचे डॉक्टर ठरवतात. लीगच्या निवेदनात दोन-तीनच वाक्ये असतात: अमुक खेळाडू योजनेतून उपचार घेत आहे, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर खेळेल, याहून अधिक काही सांगितले जाणार नाही. दारू, गोळ्या, जुगार की नैराश्य, याचा उल्लेख नसतो.

मॉन्ट्रियल संघाचा गोलरक्षक कॅरी प्राइस ऑक्टोबर २०२१ मध्ये या योजनेत गेला तेव्हा असेच झाले. लोकांनी तर्क लढवले, लीग गप्प राहिली. महिन्याभराने उपचार घेऊन परतल्यावर त्याने स्वतःच नशेच्या पदार्थांसाठी उपचार घेतल्याचे जाहीर केले. कधी सांगायचे आणि किती सांगायचे, हे त्याच्या हातात राहिले. गोपनीयता म्हणायची ती हीच.

ओटावा संघाच्या बॉबी रायनची हकीकत डॉक्टर म्हणून मला अधिक महत्त्वाची वाटते. दारू त्याने स्वतःच्या हिमतीवर सोडून पाहिली होती. काही दिवस निभत, मग पुन्हा घसरण. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने मदत मागितली. फेब्रुवारी २०२० मध्ये परतल्यावर घरच्या मैदानावरील पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. येथे एक इशारा देतो. रोज भरपूर पिणाऱ्याने घरात कोंडून घेऊन दारू एकदम बंद करू नये. हात कापणे, फिट येणे, भ्रम होणे, क्वचित मृत्यूही, हे धोके दारू थांबल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच असतात. लोकांना कळू नये म्हणून घरीच सोडवण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो.

गुप्ततेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डेरेक बूगार्ड हा खेळाडू २००९ मध्ये या योजनेत जाऊन आला होता. मे २०११ मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र पोटात गेल्याने तो दगावला. वय अवघे २८. त्याला निरनिराळ्या डॉक्टरांकडून गोळ्या मिळत होत्या, हे पुढे वृत्तपत्रांनी उघड केले. जगापासून झाकायचे ते उपचार करणाऱ्यांपासून झाकले की असा घात होतो. दात काढायला गेलात तरी त्या डॉक्टरांना पूर्वीचे व्यसन सांगा.

ही योजना निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. नियम मोडला की शिक्षेचे टप्पे लागतात. मे २०२४ मध्ये कोलोरॅडो संघाच्या व्हॅलेरी निचुश्किनला तिसऱ्या टप्प्यात टाकल्याचे, म्हणजे किमान सहा महिने बिनपगारी निलंबनाचे, बाद फेरीच्या सामन्याच्या दिवशीच जाहीर झाले. कारण सांगितले नाही खरे, पण टप्प्याचा आकडाच पुरेसे बोलला. हे मला पटत नाही.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हा हक्क सर्वांना दिला आहे, आणि दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही त्यात येतात. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून वृत्तपत्रांना देता येत नाही, छायाचित्रही नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, असे मोजके अपवाद आहेत. नाव न सांगता विचारपूस करायची असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा निःशुल्क दूरध्वनी आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. "साहेब, दाखल्यावर कावीळ लिहा," अशी विनंती मला नेहमी होते. खोटा दाखला मी देत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. रुग्ण अमुक तारखेपासून माझ्या उपचाराखाली आहे, त्याला रजेची आवश्यकता आहे, एवढे मी लिहितो. आजाराचे नाव रुग्णाच्या संमतीशिवाय लिहीत नाही. कचेरीतून कुणी दूरध्वनी करून विचारले तर दाखल्यात आहे तेवढेच सांगतो. बरा झाल्यावर दुसरा कागद देतो: तपासले, कामावर रुजू होण्यास योग्य आहे. खाली सही आणि तारीख.