'द स्वीनी' : कायदा, पोलीस आणि प्रेक्षक – एक विवेचन

बीजसंज्ञा : दूरचित्रवाणी मालिका, पोलीसप्रतिमा, कायद्याचे राज्य, ब्रिटिश समाज

प्रस्तावना

लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिका हा निव्वळ करमणुकीचा विषय समजून अभ्यासकांनी बराच काळ त्याकडे दुर्लक्ष केले. वस्तुतः शासनसंस्थेविषयी सामान्य माणसाच्या मनात ज्या प्रतिमा तयार होतात, त्यांच्या जडणघडणीत अशा मालिकांचा वाटा मोठा असतो. पोलिसाची प्रतिमा हे त्याचे ठळक उदाहरण होय. ब्रिटनमध्ये १९७५ ते १९७८ या काळात आय.टी.व्ही. वाहिनीवरून प्रसारित झालेली 'द स्वीनी' ही मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. नियम मोडणाऱ्या पोलिसाविषयी प्रेक्षकाला सहानुभूती का वाटते आणि त्या सहानुभूतीत कोणता धोका दडलेला असतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश पोलीस मालिकांची परंपरा बी.बी.सी.च्या 'डिक्सन ऑफ डॉक ग्रीन' (१९५५-१९७६) या मालिकेने रुजविली. जॅक वॉर्नर यांनी साकारलेला जॉर्ज डिक्सन हा गस्त घालणारा, वडीलधाऱ्या वृत्तीचा शिपाई होता. तो थेट प्रेक्षकांना अभिवादन करी आणि कथेचे तात्पर्यही सांगे. या चित्राला पहिला छेद दिला तो ट्रॉय केनेडी मार्टिन यांच्या 'झेड कार्स' (१९६२-१९७८) या मालिकेने. लिव्हरपूलजवळच्या नव्या वसाहतीवर बेतलेल्या या कथांमधील पोलीस चिडत, चुकत आणि घरी भांडतही. पोलीसही सामान्य माणसासारखाच सदोष असतो, हे येथे मान्य झाले. पुढचे पाऊल ट्रॉय यांचे बंधू इयान केनेडी मार्टिन यांनी उचलले. त्यांच्या 'रीगन' (१९७४) या दूरचित्रवाणीपटातून 'द स्वीनी'चा जन्म झाला.

नाव आणि निर्मिती

मालिकेचे नाव लंडनच्या कॉकनी बोलीतून आले आहे. या बोलीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा शब्दप्रयोग करतात आणि पुष्कळदा त्यातील यमकाचा भागच गाळून टाकतात. लंडन पोलिसांच्या 'फ्लाइंग स्क्वाड' या सशस्त्र दरोड्यांचा तपास करणाऱ्या पथकाशी 'स्वीनी टॉड' या दंतकथेतील खुनी न्हाव्याचे नाव जुळले आणि त्यातील 'टॉड' गळून 'स्वीनी' एवढेच उरले. पोलीस पथकाला खुन्याचे नाव मिळावे, हा योगायोग सूचक आहे.

थेम्स टेलिव्हिजनच्या 'यूस्टन फिल्म्स' या उपसंस्थेने चार पर्वांत मालिकेचे ५३ भाग तयार केले. त्या काळी बहुतेक नाटके स्टुडिओत व्हिडिओफितीवर मुद्रित होत. ही मालिका मात्र १६ मि.मी. फिल्मवर, प्रामुख्याने लंडनच्या प्रत्यक्ष रस्त्यांवर व पडीक गोदामांतून चित्रित झाली. एका भागाच्या चित्रीकरणासाठी साधारण दहा दिवस मिळत. या घाईतून आलेला खडबडीतपणा कथेला पोषकच ठरला. 'डिक्सन'चे बहुसंख्य भाग आज उपलब्ध नाहीत. फिल्मवर तयार झालेली 'द स्वीनी' मात्र संपूर्ण टिकून आहे, हे अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

रीगन : नियम आणि निष्पत्ती

जॉन थॉ यांनी साकारलेला डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर जॅक रीगन हा घटस्फोटित, मद्यपी आणि तापट अधिकारी आहे. डेनिस वॉटरमन यांनी रंगविलेला सार्जंट जॉर्ज कार्टर हा त्याचा सहकारी, तर फ्रँक हॅस्किन्स हा नियमांची आठवण करून देणारा वरिष्ठ. रीगन संशयितांना धमकावतो, प्रसंगी हात उचलतो आणि कागदपत्रांना तुच्छ लेखतो. तरीही तो लाच घेत नाही. त्याचे नियमभंग स्वार्थासाठी नाहीत, या एका गोष्टीवर प्रेक्षकाची सहानुभूती टिकून राहते.

या सहानुभूतीचे दुसरे कारण कथनतंत्रात आहे. अनेक भागांत दरोड्याची आखणी प्रेक्षकाला आधीच दाखविली जाते. गुन्हेगार कोण हे त्याला ठाऊक असते. म्हणून रीगनची दांडगाई त्याला अन्याय न वाटता कामाची घाई वाटते. प्रत्यक्ष जीवनात असा सर्वसाक्षी कॅमेरा नसतो. संशयित दोषी आहे की नाही, हे ठरविण्यासाठीच तर नियम असतात.

वास्तवाशी नाते

ज्या १९७५ साली मालिका सुरू झाली, त्याच वर्षी बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत 'बर्मिंगहॅम सिक्स' व 'गिल्डफर्ड फोर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा जणांना शिक्षा झाली. दोन्ही खटल्यांत पोलिसांपुढील कबुलीजबाबांना मोठे महत्त्व होते. या शिक्षा अनुक्रमे १९९१ व १९८९ मध्ये रद्द झाल्या. हा तपास फ्लाइंग स्क्वाडचा नव्हता. तथापि 'आपल्याला गुन्हेगार ठाऊक आहे' ही खात्री किती घातक ठरू शकते, हे त्यातून स्पष्ट होते. खुद्द फ्लाइंग स्क्वाडचे माजी प्रमुख केनेथ ड्रुरी यांना भ्रष्टाचाराच्या प्रकरणात १९७७ मध्ये कारावासाची शिक्षा झाली. मालिकेनेही या वास्तवाकडे डोळेझाक केली नाही. अखेरच्या भागात रीगनवरच भ्रष्टाचाराचा संशय येतो. तो निर्दोष ठरतो, परंतु उद्विग्न होऊन नोकरी सोडतो. ज्या संशयाच्या बळावर तो इतरांना कोठडीत टाकीत असे, त्याचा अनुभव त्याला स्वतःला येतो.

पुढे १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने अटक, झडती व चौकशी यांचे नियम काटेकोर केले आणि चौकशीचे ध्वनिमुद्रण रूढ झाले. याच जॉन थॉ यांनी १९८७ ते २००० या काळात 'इन्स्पेक्टर मोर्स' या मालिकेत ऑक्सफर्डचा संगीतप्रेमी, चिंतनशील अधिकारी रंगविला, ही बाबही बोलकी आहे.

समारोप

'द स्वीनी'ने पोलिसाला आदर्शाच्या चौथऱ्यावरून खाली उतरविले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र वास्तवदर्शनाच्या ओघात तिने निष्पत्तीला प्रक्रियेपेक्षा मोठे स्थान दिले. अशी कलाकृती वर्गात अभ्यासताना 'नायक बरोबर की चूक' एवढ्यावर न थांबता, 'त्याला बरोबर मानण्यासाठी आपल्याला आधी काय दाखविले गेले' हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. कायद्याच्या राज्याची जाण रुजविण्यास असा प्रश्न निश्चितच साहाय्यभूत ठरेल.