कर्जाला चेहरा असतो का?

राजुरात भांडवलशाहीवर बोलायचं म्हटलं की मला न्यूयॉर्कच्या आधी देवगाव आठवतं. याच अकोले तालुक्यातलं. तिथल्या राघोजी भांगरे यांनी १८४०च्या दशकात इंग्रज सरकार आणि सावकार या दोघांविरुद्ध बंड केलं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि हे लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आलं. लक्षात घ्या, त्यांचा रोख माणसं मारण्यावर नव्हता. त्यांना कर्जरोखे हवे होते. ते मिळाले की जाळायचे. का? तर कोर्ट फक्त कागद बघायचं. १८५९च्या मुदतीच्या कायद्यामुळे दावा ठरावीक वर्षांतच लावावा लागे. म्हणून सावकार जुना रोखा फाडून नवा लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा. मूळ कर्ज किती, हे कुणी विचारतच नव्हतं.

मग १८७९चा कायदा आला. त्यानं न्यायाधीशाला सांगितलं, रोख्यावर थांबू नका, पहिल्या व्यवहारापासून हिशेब तपासा. आपल्याकडे त्याही आधीपासून दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. दोन्हींमागे विचार एकच: कर्ज हा नुसता करार नाही, ते दोन माणसांमधलं नातं आहे.

सावकार लोभी होता, यात शंका नाही. पण तो गावात राहायचा. त्याच्या दारात जाता यायचं, भांडता यायचं, हातापाया पडता यायचं. आजच्या वित्तीय भांडवलशाहीनं नेमकं हे नातंच तोडलं. अमेरिकेत २००८ साली काय झालं? बँकेनं घरासाठी कर्ज दिलं आणि लगेच विकून टाकलं. अशा हजारो कर्जांच्या मोळ्या बांधून त्या जगभर विकल्या गेल्या. कर्ज फिटेल का, याची काळजी मूळ देणाऱ्याला उरली नाही. लोभ जुनाच होता, जबाबदारी मात्र वाटता वाटता नाहीशी झाली.

हे लांबचं वाटतं? समजा, आपल्याच एखाद्या वाडीतल्या बाईनं बचतगटाच्या ओळखीनं लहान कर्ज घेतलं. हप्ता न्यायला येणारा मुलगा पगारी नोकर. व्याज त्यानं ठरवलेलं नाही. त्याचा साहेब कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी गुंतवणूकदारांकडे. आणि तो गुंतवणूकदार कदाचित तुम्ही-मीच असतो, आपल्या फंडातून. २०२२च्या नियमांत रिझर्व्ह बँकेनं अशा कुटुंबाचे सगळे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत ठेवायला सांगितलं, हे चांगलंच झालं. पण त्याच वेळी व्याजदरावरची मर्यादा काढली. दर अवाजवी नसावा, एवढंच सांगितलं. अवाजवी म्हणजे किती, ते कोण ठरवणार?

रोखे जाळून आता काही होणार नाही, ते संगणकात आहेत. पण १८७९चा प्रश्न आपल्याला अजून विचारता येतो: या आकड्यामागे मूळ व्यवहार काय होता, आणि त्याचं उत्तर कोण देणार? आपले पैसे कुठे गुंतवायचे हे ठरवताना तो आधी स्वतःला विचारा. कारण ज्या कर्जाला चेहरा नाही, त्याच्या पाठीमागे आपलाच चेहरा असू शकतो.