‘स्पर्श’ प्रणाली : निधी वेळेवर येईल, देयक कधी निघेल?

केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा दिल्लीहून राज्याकडे आणि तेथून तळाच्या कार्यालयापर्यंत कसा पोहोचतो, याची रीत अलीकडच्या काळात दोनदा पालटली आहे. योजनेवर अवलंबून असणाऱ्यांना या बदलाची वार्ताही नसते. मानधन या महिन्यात आले नाही किंवा पुरवठ्याचे देयक अडकले आहे, एवढेच त्यांना कळते. कार्यालयात चौकशी केली की ‘नवीन सिस्टम आली आहे’ असे उत्तर मिळते. ही ‘नवीन सिस्टम’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२००८-०९ च्या सुमारास केंद्राने योजनांच्या निधीवर लक्ष ठेवण्यासाठी एक संगणकीय प्रणाली सुरू केली. पुढे तिचेच नाव सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली, अर्थात ‘पीएफएमएस’ असे झाले. केंद्रीय अर्थ मंत्रालयातील लेखा महानियंत्रकांचे कार्यालय ती चालवते. निधी कोणत्या यंत्रणेकडे गेला, हे प्रणालीत दिसू लागले. पैसा मात्र सोसायट्या, संचालनालये, शाळा आणि पंचायतींच्या असंख्य बँक खात्यांत विखुरलेलाच राहिला. एकीकडे सरकार कर्ज काढून त्यावर व्याज भरते आणि दुसरीकडे त्याचाच पैसा बँकांत पडून असतो, अशी ही विसंगती होती.

तीवरचा पहिला उपाय २३ मार्च २०२१ च्या आदेशाने आला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाला. प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल यंत्रणा आणि तिचे एकच बँक खाते, असा तो नियम. खालच्या यंत्रणांना शून्य शिलकीची उपखाती किंवा खर्चाची मर्यादा देण्यात आली. वर्षाच्या तरतुदीपैकी एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक रक्कम सोडायची नाही आणि आधीच्या निधीपैकी किमान ७५ टक्के खर्च झाल्याखेरीज पुढचा हप्ता द्यायचा नाही, अशी अटही त्यात होती. विखुरलेला पैसा एका ठिकाणी आला. पण ते ठिकाण अजूनही बँकच होते.

२०२३ मध्ये पुढचे पाऊल पडले. ‘समयोचित प्रणाली एकीकृत शीघ्र हस्तांतरण’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘स्पर्श’ म्हटले जाते. (संरक्षण दलांच्या निवृत्तिवेतनाची प्रणालीही ‘स्पर्श’ याच नावाची आहे. तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. नाव ठेवणाऱ्यांनी माजी सैनिकांचा तरी विचार करायला हवा होता.) या पद्धतीत योजनेचा पैसा आगाऊ बँकेत ठेवलाच जात नाही. केंद्र मंजुरीची मर्यादा कळवते. प्रत्यक्ष देणे उद्भवले की राज्याच्या वित्तीय संगणक प्रणालीत देयक तयार होते, ते पीएफएमएसमधून रिझर्व्ह बँकेच्या ‘ई-कुबेर’कडे जाते, आणि केंद्राचा व राज्याचा हिस्सा मिळून रक्कम थेट घेणाऱ्याच्या खात्यात जमा होते. गोव्यासाठी बहुतेक योजनांत हे प्रमाण ६०:४० असे असते.

कागदावर ही रचना निर्दोष आहे. खरी परीक्षा होते ती जुन्या पद्धतीला सरावलेल्या कर्मचाऱ्यांना नव्या पद्धतीत आणताना. आधी हिशेब मिटवावा लागतो. जुन्या खात्यातील अखर्चित शिल्लक केंद्र व राज्याच्या संचित निधीत ज्याच्या त्याच्या हिश्शाने परत करायची असते. परंतु कोणाला तरी दिलेला अग्रिम वर्षानुवर्षे समायोजित झालेला नसेल, तर शिल्लक नेमकी किती, हेच ठरत नाही. त्यानंतर प्रश्न येतो माणसांचा. देयक नोंदवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही या प्रणालीची मूळ शिस्त आहे. छोट्या कार्यालयात कारकून एकच असतो. त्याची बदली झाली तरी ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जात राहतो, किंवा अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपलेली असते. मग साहेबांचा पासवर्ड कारकुनाकडे असण्याची वहिवाट पडते. दोन माणसांची तपासणी अशा वेळी नावापुरतीच उरते आणि पुढे गैरव्यवहार उघडकीस आला, तर कोणी काय केले हे सिद्ध करता येत नाही. एका दिवसाच्या प्रशिक्षणाने यातले काहीच सुटत नाही.

लाभार्थ्यांची माहितीही नव्याने तपासावी लागते. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी क्रमांक बदलले, नावातील एखादे अक्षर जुळले नाही, की रक्कम परत फिरते. पूर्वी देयकाचा सही केलेला कागद घेऊन शिपाई बँकेत जात असे आणि ओळखीचा बँक कर्मचारी चूक तिथल्या तिथे दाखवून देत असे. आता चूक दुरुस्त करून देयक पुन्हा सर्व पायऱ्या चढते.

याची झळ कोठे बसते, हे मध्यान्ह आहारासारख्या योजनेवरून ध्यानात येईल. शाळांना पावभाजी पुरवणाऱ्या महिला स्वयंसाहाय्य गटाला पोदेराचे पाव, भाजी आणि गॅस यांचे पैसे रोजच्या रोज मोजावे लागतात. गटाकडे भांडवल बेताचेच. शासनाच्या तिजोरीचे व्याज वाचावे म्हणून केलेला बदल रखडला, तर तेच व्याज उधारीच्या रूपाने या गटाच्या माथी येते. म्हणूनच स्थलांतर मार्चच्या तोंडावर करू नये. आर्थिक वर्ष संपले की न वापरलेली मर्यादा रद्द होते आणि जुन्या खात्यासारखी शिल्लक पुढे ओढता येत नाही. ज्या खात्याची नोंदणी अपुरी, त्याची देयके नव्या वर्षातील मंजुरीची वाट पाहत बसतात.

ज्यांचे पैसे यायचे आहेत, त्यांना पीएफएमएसच्या संकेतस्थळावर बँकेचे नाव व खाते क्रमांक देऊन आपल्या देयकाची स्थिती पाहता येते. देयक प्रणालीत नोंदले गेले असेल तरच तेथे काही दिसते. ते कोणाच्या टेबलावर पडून आहे, हे मात्र कार्यालयातच जाऊन विचारावे लागते.