पाहुण्याच्या गावी एक दिवस

परदेश सहलीचा शेवटचा दिवस बहुधा पिशव्यांचा असतो. कुणाचे रेशमी रुमाल घ्यायचे राहिलेले असतात, कुणाला चहाची पाकिटे हवी असतात, तर कुणी हॉटेलच्या पलंगावर बॅग उघडून वजनाची चिंता करत बसलेले असते. चीनच्या सहलीची सांगता शिआन शहरात होत असेल, तर मात्र हा दिवस बाजारात घालवू नये. 1974 साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेली मातीच्या सैनिकांची फौज आदल्या दिवशी पाहून झालेली असते आणि ‘आता काय उरले?’ असा सूर मंडळींत उमटतो. उरलेली असते ती थेट महाराष्ट्राशी नाते सांगणारी एक वास्तू.

सकाळ शहराच्या तटासाठी ठेवावी. मिंग राजवटीत, चौदाव्या शतकात बांधलेल्या या तटाचा घेर सुमारे 14 किलोमीटर आहे. रुंदी एवढी, की वर भाड्याची सायकल घेऊन आरामात हिंडता येते. तटावरून दिसणारे शहर केवढे मोठे वाटते! पण तांग राजवटीतली राजधानी चांगआन याहून कितीतरी विस्तीर्ण होती. आज तटाबाहेर, दक्षिणेला उभा असलेला मोठा रानहंस पॅगोडा त्या काळी शहराच्या आतच होता. दुपार त्याच्यासाठी राखावी.

पॅगोड्यासमोरच्या चौकात एका भिक्षूचा भव्य पुतळा आहे. हा आपल्या ओळखीचा माणूस. शाळेत आपण त्याला ह्युएनत्संग म्हणत होतो; आताची मुले युआन श्वांग म्हणतात. परदेशी जाण्यास बंदी असताना तो गुपचूप निघाला, वाळवंटे आणि हिमशिखरे ओलांडून भारतात पोचला, नालंदेत शीलभद्रांपाशी शिकला आणि सोळा-सतरा वर्षांनी, 645 साली चांगआनला परतला. वीस घोड्यांवर लादलेले 657 ग्रंथ त्याच्यासोबत होते. वाटेत सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या व भारतातली फुलांची बियाणी वाहून गेली. गेलेल्या पोथ्यांच्या नकला मिळवण्यासाठी त्याने माणसे मागे पाठवली. सामान हरवल्याचे दुःख आपल्यालाही ठाऊक असते. पण ते सामान कोणते, यावरून प्रवाशाची पारख होते.

परतल्यावर सम्राटाने देऊ केलेले पद नाकारून तो भाषांतराला बसला. ग्रंथ आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून 652 साली हा पॅगोडा उभारला गेला. आधी पाच मजली, पुढे पुन्हा बांधताना आणखी उंच, आणि 1556 च्या भीषण भूकंपानंतर आजचा सात मजली. विहारात शिरायला एक तिकीट आणि वर चढायला दुसरे, दोन्ही काढावीत. लाकडी जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण प्रत्येक मजल्यावर चारही दिशांना कमानी आहेत. तिथे वारा खात थांबावे. नावाचीही एक गंमत आहे. मगधात रानहंसाच्या स्मरणार्थ बांधलेल्या एका स्तूपाची कथा ह्युएनत्संगाने लिहून ठेवली आहे. ते नाव बिहारातून इथवर आले, असे मानले जाते.

याच प्रवासात, इ.स. 641 च्या सुमारास, तो महाराष्ट्रात आला होता. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी तेव्हा राज्य करत होता. उत्तरेत दबदबा असलेल्या हर्षालाही इथली माणसे जिंकता आली नाहीत, हे त्याने नमूद केले. इथले लोक उंच, साधे, प्रामाणिक आणि मानी. उपकार न विसरणारे आणि अपमान न गिळणारे. संकटात सापडलेल्याने हाक मारली तर स्वतःला विसरून धावणारे, आणि सूड घ्यायचा झाला तरी आधी शत्रूला इशारा देणारे. हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकांचे कपडे देत, हेही त्याने टिपले. डोंगरदरीतल्या एका भव्य लेण्याचे आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

विचार केला की नवल वाटते. आपल्या राजांनी शिलालेख कोरले, त्यांत विजय आहेत, दाने आहेत. पण सामान्य माणूस रागावतो कसा, मदतीला धावतो कसा, हे लिहायला एक पाहुणा यावा लागला. त्याने चिनी भाषेत आणलेल्या कित्येक ग्रंथांच्या मूळ संस्कृत प्रती पुढे भारतात उरल्या नाहीत. आपल्या घरातले जे आपल्याला सांभाळता आले नाही, ते या शहराने सांभाळले.

संध्याकाळी पॅगोड्यामागच्या चौकात कारंजी संगीतावर नाचू लागतात आणि आजीआजोबा नातवंडांना घेऊन गर्दी करतात. शिआनकरांसाठी ती रोजची करमणूक. मराठी माणसाने मात्र निघण्यापूर्वी त्या पुतळ्यासमोर क्षणभर थांबावे. इथले लोक उपकार विसरत नाहीत, असे ज्याने आपल्याविषयी लिहून ठेवले, त्याचे लेखन खरे ठरवणे आता आपल्याच हाती आहे.